शेतातील बिनतारी यंत्रांची पाळी कशी लावावी

पाण्याची पाळी म्हणजे काय, हे धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्यास शिकवावयास नको. सामाईक विहिरीवर भावाभावांचे दिवस ठरलेले असतात. कालव्याच्या लाभक्षेत्रात शेजपाळीचा तक्ता लागतो. कोणाचे दार कोणत्या दिवशी किती वेळ उघडावयाचे ते त्यात लिहिलेले असते. हा तक्ता मोडून एकाच चारीवर दोघांनी एकाच वेळी दारे उघडली, तर पाणी दोघांत वाटले जाते आणि पुष्कळदा ते दोघांच्याही सरीच्या टोकापर्यंत पोचत नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या शेतशिवारात आणखी एक सामाईक वस्तू आली आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्या पाळीचा विचार फारसा कोणी करीत नाही. ती वस्तू म्हणजे बिनतारी संदेशांचा मार्ग. जमिनीतील ओल मोजणारे सेन्सर, द्राक्षबागेतील पानांची ओल व तापमान टिपणारी यंत्रे, ठिबक संचाच्या झडपा उघडणारी व मिटणारी यंत्रे, शेततळ्याची पाणीपातळी सांगणारी यंत्रे ही सर्व तारेवाचून संदेश पाठवितात. गावात अशी दोन-चार यंत्रे असतात तोवर काही बिघडत नाही. चाळीस-पन्नास यंत्रे झाली की काही संदेश हरवू लागतात. पाणी दोघांत वाटले गेले तर निदान अर्धे तरी मिळते; संदेशांची टक्कर झाली तर बहुधा दोन्ही पूर्ण वाया जातात, आणि पाठविणाऱ्या यंत्रास त्याचा पत्ताही लागत नाही. सबब या मार्गाचीही पाळी लावणे आवश्यक आहे. ती कशी लावावी, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधुभगिनींनी समजून घ्यावे, याकरिता हा पाठ दिला आहे.

मार्ग कोणाचा?

प्रत्येक बिनतारी यंत्र ठराविक लहरींवर बोलते. आकाशवाणीची केंद्रे आपापल्या स्वतंत्र लहरींवर बोलतात, म्हणून त्यांची गल्लत होत नाही. परंतु प्रत्येक शेतातील प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र लहर देणे शक्य नाही. त्याकरिता लहरींचे काही पट्टे सर्वांना सामाईक म्हणून मोकळे ठेवण्यात आले आहेत. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी २००५ साली परवान्यातून मुक्त करण्यात आला व २०२१ साली तो ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढविण्यात आला. शेतीत वापरली जाणारी ‘लोरा’ पद्धतीची लांब पल्ल्याची यंत्रे याच पट्ट्यात बोलतात.

या मुभेबरोबर अटीही आहेत. यंत्राची प्रक्षेपणशक्ती एक वॉटहून अधिक नसावी, ही एक. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. हा पट्टा कोणाच्याही एकट्याच्या मालकीचा नाही. दुसऱ्याच्या यंत्रामुळे आपल्या यंत्रास अडथळा झाला तर त्याविरुद्ध संरक्षण मागता येत नाही. म्हणजे ही गायरानासारखी सामाईक जागा आहे. युरोपात याच्या शेजारच्या पट्ट्यातील बऱ्याच भागांत एका यंत्राने शंभरातील एकाच भागाइतका वेळ बोलावे असे बंधन आहे. आपल्याकडील नियमाचा भर शक्तीच्या मर्यादेवर आहे. वेळेची शिस्त आपली आपणच पाळावयाची आहे.

टक्कर कशी होते?

एका गावाचे उदाहरण घेऊ. गावातील उंच इमारतीवर एक मुख्य ग्राहक यंत्र बसविले आहे. त्यास गेटवे म्हणतात. शिवारातील चाळीस सेन्सर त्याच्याकडे दर १५ मिनिटांनी एक संदेश पाठवितात. म्हणजे प्रत्येकाचे दिवसाला ९६ व सर्वांचे मिळून ३,८४० संदेश झाले.

एक संदेश पाठविण्यास किती वेळ लागतो, हे यंत्राच्या वेगाच्या टप्प्यावर अवलंबून असते. लोरा यंत्रात साधारणतः सात ते बारा असे टप्पे असतात व विक्रेते त्यास एस.एफ. म्हणतात. सातव्या टप्प्यावर यंत्र भरभर बोलते, पण त्याचा आवाज दूर पोचत नाही. बाराव्या टप्प्यावर ते अगदी संथ बोलते व फार दूरवर ऐकू जाते. वीस अक्षरांएवढ्या लहान संदेशास सातव्या टप्प्यावर सेकंदाच्या सतराव्या भागाएवढा वेळ लागतो, तर बाराव्या टप्प्यावर सुमारे १.३ सेकंद लागतात. तेवीस पट फरक झाला.

एका संदेशाचा वेळ १.३ सेकंद असेल, तर तो सुरू होण्यापूर्वीच्या १.३ सेकंदांत किंवा तो चालू असतानाच्या १.३ सेकंदांत दुसरा कोणीही बोलला तरी टक्कर होते. म्हणजे धोक्याचा काळ संदेशाच्या दुप्पट असतो. सर्व यंत्रे एकाच टप्प्यावर व एकाच मार्गिकेवर आहेत आणि ती मनास येईल तेव्हा बोलतात असे धरून केलेला हिशेब पुढीलप्रमाणे येतो :

४० यंत्रे, सातवा टप्पा, दर १५ मिनिटांनी — शंभरातील सुमारे अर्धा संदेश वाया.
४० यंत्रे, बारावा टप्पा, दर १५ मिनिटांनी — शंभरातील सुमारे ११ वाया.
४० यंत्रे, बारावा टप्पा, दर तासाने — शंभरातील सुमारे ३ वाया.
२०० यंत्रे, सातवा टप्पा, दर १५ मिनिटांनी — शंभरातील सुमारे अडीच वाया.
२०० यंत्रे, बारावा टप्पा, दर १५ मिनिटांनी — शंभरातील सुमारे ४४ वाया.

यावरून दोन गोष्टी लक्षात याव्यात. पहिली अशी की, यंत्रांची संख्या पाचपट झाली तेव्हा नुकसान चौपट झाले. आज एका शेतात उत्तम चालणारी मांडणी उद्या साऱ्या गावाने घेतली तर तशीच चालेल असे नाही. दुसरी अशी की, नुकसानीचे मुख्य कारण लांबलेला संदेश हे आहे. गेटवे जवळ असताना सर्व यंत्रे बाराव्या टप्प्यावर लावून ठेवणे म्हणजे एका वाफ्यासाठी दिवसभर चारी अडवून ठेवण्यासारखे आहे.

नुकसान सर्वांचे सारखे होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. दोन संदेशांपैकी एक फार जोरदार असेल तर टक्करीतही तो तगून जातो व दुबळा तेवढा मरतो. गेटवेजवळच्या शेताचा संदेश जोरदार असतो. शिवाराच्या शेवटच्या टोकाचा दुबळा असतो. म्हणजे चारीच्या टोकाच्या शेतकऱ्यावर पाण्याच्या बाबतीत जी पाळी येते, तीच येथेही त्याच्यावर येते. पाळी लावण्याचे हेही एक कारण आहे.

वीज येताच होणारी गर्दी

वरील हिशेबात यंत्रे मनास येईल तेव्हा बोलतात असे धरले आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे याहून वाईट एक गोष्ट घडते. विजेवर चालणारी झडप-यंत्रे, पातळीदर्शक व मोटारीजवळील यंत्रे वीज गेली की बंद पडतात व वीज आली की सर्व एकाच क्षणी जागी होतात. जागे होताच प्रत्येक यंत्र ‘मी आलो’ असा संदेश पाठविते. एकाच डीपीवरील सर्व मोटारी स्वयंचलित स्टार्टरने एकदम सुरू झाल्या म्हणजे काय होते, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. दाब कोसळतो व फ्यूज उडतो. लहरींच्या मार्गावरही त्याच क्षणी तसेच घडते, मात्र तेथे फ्यूज उडण्याचा आवाज होत नाही.

पुढचा भाग अधिक लक्षपूर्वक वाचावा. दोन यंत्रे एकाच क्षणी जागी झाली व दोघांचेही अंतर बरोबर १५ मिनिटांचे असले, तर पहिल्या संदेशाची टक्कर झाली तशीच पुढच्याची होते, त्याच्या पुढच्याचीही होते. दोघांच्या घड्याळांत दिवसाला अर्ध्या सेकंदाचा फरक पडत असेल, तर १.३ सेकंदांचे संदेश एकमेकांपासून सुटे होण्यास अडीच ते तीन दिवस लागतील. तोपर्यंत वीज पुन्हा जाते व येते आणि दोघेही पुन्हा एकत्र सुरू होतात. अशा रीतीने ही यंत्रे महिनोन् महिने एकमेकांचे संदेश मारीत राहतात. शेतकरी मात्र ‘माझा सेन्सर खराब निघाला’ असे म्हणून तो काढून ठेवतो. यंत्र चांगले असते. त्याची पाळी लावलेली नसते.

उपाय सोपा आहे. वीज आल्यावर प्रत्येक यंत्राने लगेच न बोलता चिठ्ठी काढल्याप्रमाणे शून्य ते १५ मिनिटांमधील कोणताही एक क्षण निवडावा व तेव्हा पहिला संदेश पाठवावा. पुढील प्रत्येक संदेशाच्या वेळेतही काही सेकंदांचा अनियमित फरक ठेवावा. बऱ्याच यंत्रांत ही सोय असते. ती चालू आहे की नाही एवढे पाहावे. मोटारींच्या स्टार्टरलाही निरनिराळा विलंब लावून द्यावा. त्यामुळे डीपीचेही रक्षण होते.

पाळी लावण्याच्या चार रीती

पहिली रीत : बोलून पाहावे. १९७१ साली हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या बेटांवरील ठाणी बिनतारी मार्गाने एका मुख्य संगणकास जोडली. सर्व ठाण्यांस एकच लहर सामाईक होती. ज्याला संदेश द्यावयाचा असेल त्याने द्यावा. पोच आली नाही तर थोडा वेळ थांबून, पण प्रत्येकाने निरनिराळा वेळ थांबून, पुन्हा द्यावा, असा नियम त्यांनी केला. या योजनेस ‘अलोहा’ हे नाव मिळाले. ही रीत साधी आहे, परंतु तिच्यात मार्गाचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कारणी लागतो. पुढे वेळेचे सारखे भाग पाडून, प्रत्येकाने भागाच्या आरंभीच बोलावे असा नियम केल्यावर हे प्रमाण दुप्पट, म्हणजे सुमारे ३७ टक्के झाले. लोरा पद्धतीचे साधे सेन्सर आजही मूळच्या अलोहा रीतीने बोलतात. थोडी यंत्रे व तुरळक संदेश असतील तेथे ही रीत पुरेशी आहे.

दुसरी रीत : ऐकून बोलावे. पोलिसांच्या बिनतारी संचावर बोलणारा आपले बोलणे संपताच ‘ओव्हर’ म्हणतो व तोवर दुसरा थांबतो. तसेच काही यंत्रे आधी कान देऊन मार्ग मोकळा आहे का ते पाहतात व मगच बोलतात. घरातील वाय-फाय याच रीतीने चालते. ही रीत चांगली आहे, परंतु आपल्या जिल्ह्यात तिला एक मोठी अडचण आहे. धाराशिव, तुळजापूर, भूम, वाशी या भागांतून बालाघाटचे डोंगर गेले आहेत. माळाच्या एका उतारावर एक बाग व पलीकडच्या उतारावर दुसरी असेल आणि गेटवे माथ्यावर असेल, तर गेटवेस दोघेही ऐकू येतात. परंतु त्या दोघांना मध्ये असलेल्या माळामुळे एकमेकांचे ऐकू येत नाही. पहिला बोलत असता दुसऱ्यास मार्ग मोकळाच वाटतो. तो बोलतो, आणि माथ्यावर टक्कर होते. सबब चढउताराच्या शिवारात केवळ ऐकून बोलण्याच्या रीतीवर विसंबू नये.

तिसरी रीत : हाक आल्यावर बोलावे. शाळेत गुरुजी हजेरी घेतात त्याप्रमाणे गेटवे एकेकाचे नाव घेतो व ज्याचे नाव घेतले तोच उत्तर देतो. टक्कर अशी होतच नाही. मात्र हाक ऐकण्यासाठी सेन्सरला सदैव जागे राहावे लागते व त्याची बॅटरी लवकर उतरते. म्हणून ही रीत विजेवर किंवा मोठ्या सौरपट्टीवर चालणाऱ्या झडप-यंत्रांस योग्य, आणि लहान बॅटरीवर वर्षानुवर्षे चालावयाच्या ओल-सेन्सरला अयोग्य होय.

चौथी रीत : नेमलेल्या वेळी बोलावे. हीच खरी शेजपाळी. आपल्या उदाहरणातील ४० यंत्रांत १५ मिनिटे, म्हणजे ९०० सेकंद, वाटून दिली तर प्रत्येकास साडेबावीस सेकंदांची पाळी येते व त्यात १.३ सेकंदांचा संदेश सहज बसतो. या रीतीत टक्कर होत नाही व यंत्र आपली पाळी नसताना झोपून राहू शकते. परंतु तिला एक गोष्ट अवश्य लागते, ती म्हणजे सर्वांची घड्याळे जुळलेली असणे.

घड्याळ व उन्हाळा

लहान यंत्रांतील घड्याळ स्फटिकाच्या कंपनावर चालते. सर्वसाधारण स्फटिकात दहा लाखांत वीस भाग इतकी चूक संभवते. ही चूक लहान दिसते. पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ती १.७ सेकंद होते. एक घड्याळ पुढे व दुसरे मागे जात असेल तर दोघांत दिवसाला साडेतीन सेकंदांचे अंतर पडते. शिवाय हे स्फटिक २५ अंशांच्या आसपास बरोबर चालतात व त्याहून फार उष्णतेत किंवा थंडीत मागे पडतात. आपल्याकडील उन्हाळ्यात बंद डबीत ४५ अंश तापमान सहज होते. तेवढ्या उष्णतेत दिवसभर राहिलेले घड्याळ एवढ्याच कारणाने सुमारे सव्वा सेकंद मागे पडते. सावलीत ठेवलेले व उन्हात ठेवलेले अशा दोन यंत्रांची वेळ म्हणूनच जुळत नाही.

४० यंत्रांत साडेबावीस सेकंदांची पाळी असल्याने एवढ्या चुकीने बिघडत नाही. २०० यंत्रे झाली की पाळी साडेचार सेकंदांची होते. संदेशाचे १.३ व चुकीचे ३.५ मिळून ४.८ सेकंद होतात. म्हणजे दिवसातून एकदाच घड्याळ जुळविले तर शेजाऱ्याच्या पाळीत पाय पडतो. दर सहा तासांनी जुळविले तर दोघांतील चूक सेकंदाच्या आतच राहते आणि काम भागते. गेटवे उपग्रहावरून किंवा मोबाईल जाळ्यावरून खरी वेळ घेऊन ती सर्वांस सांगतो. चारीच्या दोन दारांच्या पाळ्यांमध्ये पाणी पोचण्यासाठी मोकळा वेळ धरतात, तसा दोन संदेशांमध्येही मोकळा वेळ धरावा.

मोबाईलचा मनोरा हे काम किती काटेकोरपणे करतो, ते पाहण्यासारखे आहे. मोटार सुरू करणारे पुष्कळ मोबाईल स्टार्टर टू-जी जाळ्यावर चालतात. या जाळ्यात एका लहरीवर आठ पाळ्या असतात आणि एक पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून किंचित अधिक असते. लहरी सेकंदास तीन लाख किलोमीटर जात असल्या तरी तीस किलोमीटरला त्यांना सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतोच, व इतक्या लहान पाळीत तेवढा उशीरही चालत नाही. म्हणून मनोरा दूरच्या यंत्रास ‘तू थोडे अगोदर बोल’ असे सांगतो. असे अगोदर बोलण्याची मर्यादा ३५ किलोमीटरची आहे. त्यापलीकडे साध्या टू-जी मनोऱ्याशी बोलणे होत नाही, मग खुणेच्या काड्या पूर्ण दिसोत वा न दिसोत. आपल्या सेन्सरांच्या पाळ्या सेकंदांच्या असल्याने त्यांत अंतराचा हिशेब धरावा लागत नाही. आपण घड्याळे सांभाळावीत म्हणजे झाले.

तीन वेळा सांगावे काय?

संदेश हरवतात असे दिसताच काही ठिकाणी प्रत्येक संदेश तीन वेळा पाठविण्याचे ठरवितात. हा उपाय विचारपूर्वक करावा. ४० यंत्रांच्या आपल्या उदाहरणात त्याने लाभ होतो. शंभरातील ११ ऐवजी सुमारे अडीचच बातम्या पूर्णपणे हरवतात. परंतु २०० यंत्रांच्या उदाहरणात सर्वांनीच तीन वेळा बोलावयास आरंभ केला तर गर्दी तिप्पट होते आणि शंभरातील ४४ ऐवजी सुमारे ५५ बातम्या तिन्ही वेळा मिळून हरवतात. बॅटरीही तितकीच लवकर संपते. गर्दीत मोठ्याने ओरडून गर्दी कमी होत नाही. त्यापेक्षा लोरावॅन पद्धतीत भारतासाठी ८६५.०६२५, ८६५.४०२५ व ८६५.९८५ मेगाहर्ट्झ अशा ज्या तीन मूळ मार्गिका ठरलेल्या आहेत, त्या तिन्ही वापरात आहेत की नाहीत ते पाहावे. तिन्ही सारख्या वापरल्या तर ४० यंत्रांच्या उदाहरणातील ११ चे नुकसान चारच्या आत येते.

प्रत्येक संदेशाची पोच मागण्याचा आग्रहही धरू नये. सामान्य गेटवे स्वतः बोलत असताना ऐकू शकत नाही. पोच देण्यातच तो गुंतला तर नवे संदेश हुकतात. कोणत्या बातमीस किती मान द्यावयाचा ते ठरवून घ्यावे :

जमिनीची ओल — हिच्यात १५ मिनिटांत फारसा फरक पडत नाही. तासाने एक संदेश पुरे. पोच नको.

पानांची ओल व तापमान — ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षावरील केवड्याचा धोका पाने किती तास ओली राहिली यावरून ओळखतात. या काळात १५ ते ३० मिनिटांचे अंतर योग्य. यंत्राने मागील दोन नोंदीही नव्या संदेशात जोडाव्यात, म्हणजे एक संदेश हरवला तरी नोंद हरवत नाही व संदेशाची लांबीही थोडीच वाढते.

झडपेचा हुकूम — येथे पोच अवश्य हवी. तरीही केवळ पोचेवर विसंबू नये. ‘झडप उघड’ व नंतर ‘झडप मीट’ असे दोन हुकूम न देता ‘झडप ४० मिनिटे उघड’ असा एकच हुकूम द्यावा. मग मिटण्याचा हुकूम वाटेत हरवण्याचा प्रश्नच उरत नाही. झडप आपल्या वेळेने आपोआप मिटते. शेततळ्यातील पाणी मोजून वापरावे लागणाऱ्या आपल्या जिल्ह्यात, रात्रभर उघडी राहिलेली एक झडप कित्येक दिवसांचे पाणी घालवू शकते.

दोष कसा ओळखावा?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने यंत्राबाबत तक्रार आल्यावर यंत्र बदलण्याची शिफारस लगेच करू नये. एक दिवसाची मोजणी करावी. दर १५ मिनिटांनी बोलणाऱ्या यंत्राचे ९६ संदेश यावयास पाहिजेत. किती आले ते मोबाईलवरील किंवा संगणकावरील नोंदीत मोजावे. बहुतेक यंत्रे संदेशास अनुक्रमांक देतात, त्यावरून कोणते हुकले तेही कळते. नंतर पुढीलप्रमाणे निष्कर्ष काढावा :

१. एकाच यंत्राचे संदेश नेहमी हुकत असतील व बाकीच्यांचे येत असतील, तर अँटेना, बॅटरी, अंतर किंवा मध्ये आलेला अडसर तपासावा. उसाचे किंवा मक्याचे पीक उंच वाढल्यावरही त्यात बुडालेल्या यंत्राचा आवाज क्षीण होतो. अँटेना पिकाच्या वर काढावी.

२. अनेक यंत्रांचे थोडेथोडे संदेश दिवसभर हुकत असतील, तर गर्दी आहे असे समजावे.

३. वीज येण्याच्या वेळेपासून हुकण्यास आरंभ होत असेल, तर यंत्रे एकाच क्षणी जागी होत आहेत.

४. पहाटे सर्व ठीक व दुपारनंतर बिघाड असा क्रम असेल, तर घड्याळे किंवा उन्हात तापलेली डबी पाहावी.

गर्दीची खात्री करून घेण्याची एक सोपी कसोटी आहे. निम्मी यंत्रे एक दिवस बंद ठेवावीत. उरलेल्या निम्म्यांचे संदेश लक्षणीयरीत्या अधिक येऊ लागले, तर दोष गर्दीचा. काहीच फरक पडला नाही, तर दोष अन्यत्र.

विकत घेण्यापूर्वी

एका गावात निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे आली तर ती सर्व त्याच पट्ट्यात बोलतात. एका कंपनीने केलेली पाळी दुसरीस ठाऊक नसते. म्हणून गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा ग्रामपंचायत यांच्या वतीने एकत्र विचार करून खरेदी करणे हिताचे होय. विक्रेत्यास पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे लिहून घ्यावीत :

(अ) यंत्र कोणत्या पट्ट्यात व किती मार्गिकांवर बोलते?
(आ) संदेशाचे अंतर आम्हांस बदलता येते काय?
(इ) वीज आल्यावर पहिला संदेश अनियमित विलंबाने जातो काय?
(ई) गेटवेच्या अंतराप्रमाणे वेगाचा टप्पा आपोआप बदलतो काय?
(उ) घड्याळ कोठून व किती वेळाने जुळते?
(ऊ) हुकूम पोचला नाही तर झडप कोणत्या स्थितीत राहते?

तसेच गावात एक वही ठेवावी. कोणाचे यंत्र, कोणत्या शेतात, कोणत्या टप्प्यावर, किती मिनिटांनी बोलते ते तीत लिहावे. नवे यंत्र बसविणाऱ्याने प्रथम ही वही पाहावी. शेजपाळीचा तक्ता चारचौघांत वाचला जातो म्हणूनच त्यावर सर्वांचा विश्वास बसतो. या वहीचेही तसेच व्हावे.

समारोप

बिनतारी यंत्रे शेतकऱ्याचे डोळे व हात लांब करतात, यात शंका नाही. परंतु एकाच मार्गावरून जाणाऱ्या सर्वांनी थोडे बोलावे, लहान बोलावे, निरनिराळ्या वेळी बोलावे व आपली पाळी ओळखून बोलावे, तरच त्यांचा उपयोग शिवाराच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचेल. नवीन यंत्र आणण्यापूर्वी असलेल्या यंत्रांची पाळी लावणे, हे पहिले काम होय. त्याला खर्च जवळजवळ लागत नाही.

चर्चामंडळासाठी प्रश्न

१. आपल्या गावात किती बिनतारी यंत्रे आहेत? त्यांचे दिवसाचे एकूण संदेश किती होतात?
२. त्यांपैकी कोणते संदेश तासाने एक एवढे कमी करता येतील?
३. वीज आल्यावर एकदम जागी होणारी यंत्रे कोणती?
४. आपल्या शिवारात एकमेकांस ऐकू न येणारी, परंतु गेटवेस ऐकू येणारी शेते कोणती? नकाशावर खूण करून दाखवा.
५. ६० यंत्रांत १५ मिनिटे सारखी वाटल्यास प्रत्येकाची पाळी किती सेकंदांची होईल? त्यात १.३ सेकंदांचा संदेश व दिवसाची साडेतीन सेकंदांची चूक सामावेल काय?